‘पब्लिश’ दाबण्याआधी आणि दाबल्यावर

ऑनलाइन लेखनमंचावर लेख लिहून प्रसिद्ध करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. वर्डप्रेस, ब्लॉगर, मीडियम, सबस्टॅक यांच्यात बटणांची नावं आणि जागा बदलतात, अडचणी मात्र बहुतेक सारख्याच असतात.

प्रश्न : बऱ्याच वर्षांपूर्वी टाइप केलेले वीसेक लेख माझ्याकडे आहेत. कॉम्प्युटरवर नीट दिसतात, पण मंचावर पेस्ट केले की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होते. सगळं पुन्हा टाइप करायचं का?

नको. तुमचे लेख युनिकोडमध्ये नाहीत, एवढाच घोटाळा आहे. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्या जागी ‘क’चं किंवा कान्याचं चित्र दाखवतो. मंचावर तो फॉन्ट नसतो, म्हणून आतलं उघडं पडतं. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे तो कुठल्याही फोनवर ‘क’च राहतो.

फाइल उघडून फॉन्टचं नेमकं नाव पाहा आणि त्याच फॉन्टसाठी केलेला कन्व्हर्टर वापरा. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असते, त्यामुळे एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि आधी एकच लेख करून तपासा. चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टाइप होतो आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ही अदलाबदल जोडाक्षरापाशी फसते. म्हणून ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘कर्तृत्व’, ‘मूर्ती’ अशा शब्दांवरून आधी नजर फिरवा. लेखात मधे इंग्रजी शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांचंही देवनागरी कडबोळं करतो, कारण नुसत्या मजकुरावरून कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये होता हे त्याला कळत नाही. ते हातानेच दुरुस्त करावे लागतात.

एक दोष डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो : एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलंत आणि ‘य’, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी वेगळे. ‘ॲ’चंही तेच. हे अक्षर २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आलं. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून भागवलं जायचं आणि तशा फाइली अजून फिरताहेत. काही शोधयंत्रणा हा फरक पोटात घालतात, बऱ्याच घालत नाहीत. टॅगमध्ये तो शिरला तर एकाच नावाचे दोन टॅग तयार होतात आणि निम्मे लेख एकीकडे, निम्मे दुसरीकडे जातात. ‘शोधा-बदला’ वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्या.

प्रश्न : वर्डमधून पेस्ट केल्यावर ओळींमधलं अंतर आणि अक्षरांचा आकार परिच्छेदागणिक बदलतो.

वर्ड मजकुराबरोबर स्वतःची सजावटही पाठवतं. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून पेस्ट केलं की नुसता मजकूर येतो. ठळक, तिरकं आणि दुवे मग पुन्हा द्यावे लागतात, पण ते परवडलं. तळटिपा मात्र आधीच मोजून ठेवा. अशा पेस्टमध्ये त्यांचे आकडे किंवा खुद्द टिपाच गळून पडतात.

उपशीर्षकं नुसती ठळक करू नका. शीर्षकासाठी असलेला पर्याय निवडा, आणि तोही दुसऱ्या पातळीचा. पहिली पातळी लेखाच्या नावाची असते. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे वाचक शीर्षकांवरूनच उड्या मारत पुढे जातात. ठळक ओळ त्यांच्यासाठी इतर ओळींसारखीच. आणि दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह टाळा. फोनच्या एका ओळीत मराठीचे चार-पाच शब्द मावतात. ते ताणून बसवले की मधे भगदाडं पडतात.

प्रश्न : माझ्या लेखाची लिंक टक्क्याची चिन्हं आणि अक्षर-आकड्यांनी भरलेली, दोन ओळींची होते. शिवाय शेवटचे शब्दही तिच्यात येत नाहीत. असं का?

वेबपत्त्यात देवनागरी थेट जात नाही, तिचं सांकेतिक रूप जातं. प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षर-आकडे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. आता ‘कुंडीतल्या’ हा शब्द घ्या. दिसायला चार अक्षरं, पण मोजणीत दहा : क, उकार, अनुस्वार, ड, ईकार, त, ल, हलंत, य, काना. एका शब्दातच ९० जागा संपल्या.

मूळ वर्डप्रेसमध्ये लिंकच्या या भागाला (त्याला स्लग म्हणतात) २०० जागांची मर्यादा आहे. ‘कुंडीतल्या रोपांना पाणी कधी घालू नये’ असं शीर्षक दिलंत, तर ‘पाणी’पर्यंतच १९१ जागा भरतात आणि ‘कधी’ला जागाच उरत नाही. पुढच्या आठवड्यात ‘कुंडीतल्या रोपांना पाणी कधी घालावं’ लिहिलंत, तर लिंक तीच, फक्त शेवटी २ हा आकडा लागलेली. कोणती ‘घालावं’ची आणि कोणती ‘घालू नये’ची, हे लिंकवरून ओळखणं अशक्य. ब्लॉगरचा प्रकार निराळा : तो देवनागरी शीर्षक सरळ टाकून देतो आणि ‘ब्लॉग-पोस्ट’ व पुढे आकडे एवढीच लिंक बनवतो.

उपाय एकच. प्रसिद्ध करण्याआधी स्लगच्या (ब्लॉगरमध्ये पर्मालिंकच्या) चौकटीत रोमन अक्षरांत तीन-चार शब्द स्वतः लिहा, मधे आडव्या रेघा. ‘kundi-pani-kadhi-nako’ एवढं पुरे. वर्ष घालू नका. पुढे लेख सुधारलात तरी जुनं वर्ष लिंकमध्ये चिकटून राहतं. लेख एकदा लोकांत गेला की लिंकला हात लावू नये. बदलावीच लागली तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण द्या. सेटिंगमध्ये त्याचं नाव ३०१ रीडायरेक्ट असं असतं. ते नसेल तर जुन्या लिंक धरून आलेला वाचक रिकाम्या पानावर पोचतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की भलतंच चित्र आणि अर्धवट वाक्य दिसतं. बदल केला तरी जुनंच येतं.

लिंकखालची ती चौकट पानातल्या तीन गोष्टींवरून बनते : शेअरसाठीचं शीर्षक, वर्णन आणि चित्र. तुम्ही त्या दिल्या नाहीत तर यंत्रणा हाताला लागेल ते उचलते. वर्डप्रेसमध्ये उतारा (एक्सर्प्ट, म्हणजे लेखाचा छोटा सारांश) लिहिला नसेल तर लेखाचे पहिले ५५ शब्द घेतले जातात, मग त्यात ‘नमस्कार मंडळी’ असलं तरी. मंच देत असेल तिथे वर्णन वेगळं लिहा, दोन छोट्या वाक्यांत. मुख्य चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलच्या मापाचं ठेवा आणि चित्रावर अक्षरं असतील तर ती मधोमध. काही ठिकाणी चौकट चौरस होते आणि कडा कापल्या जातात.

जुनंच येण्याचं कारण साठवण. ज्यानं एकदा पान वाचलं ते ॲप काही काळ तीच प्रत दाखवतं. फेसबुकच्या ‘शेअरिंग डीबगर’मध्ये लिंक टाकून पान पुन्हा वाचायला लावता येतं, इतरत्र वाट पाहायची. म्हणूनच पहिला शेअर स्वतःला करा, चौकट पाहा आणि मगच गटांमध्ये टाका.

प्रश्न : एकच लेख स्वतःच्या साइटवर आणि मोठ्या मंचावरही टाकला तर चालेल का?

चालेल, पण मूळ कुठला हे सांगावं लागतं. त्यासाठी ‘कॅनॉनिकल लिंक’ असते. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती २००९ साली मान्य केली. दुसऱ्या जागच्या प्रतीत मूळ लेखाचा पत्ता या खुणेनं दिला जातो. मीडियमवर लेख ‘इंपोर्ट’ सुविधेनं आणला तर ही खूण आपोआप लागते. हातानं पेस्ट केला तर लेखाच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन पत्ता भरावा लागतो. नेमकं हेच राहून जातं, आणि मग शोधात मोठ्या मंचावरची प्रत वर, तुमची खाली. ही खूण म्हणजे शोधयंत्राला हुकूम नव्हे, सूचना आहे. त्यामुळे क्रमही पाळा : आधी आपल्या जागी प्रसिद्ध करा, तो लेख शोधात दिसू लागला की दुसरीकडे न्या. खुणेची सोयच नसलेल्या मंचावर संपूर्ण लेखाऐवजी दोन परिच्छेद आणि मूळ लिंक टाकणं आम्हाला बरं वाटतं.

मासिकाला ‘अप्रकाशित’ लेख हवा असेल तर आधी ऑनलाइन टाकलेला लेख बहुतेक संपादक प्रकाशितच धरतात. पाठवण्यापूर्वी विचारून घ्या.

प्रश्न : गूगलवर मिळालेलं चित्र ‘सौजन्य : गूगल’ लिहून वापरलं तर?

गूगलनं ते काढलेलं नाही, त्यामुळे सौजन्य त्याचं असू शकत नाही. चित्राचा हक्क काढणाऱ्याकडे असतो आणि नुसता नामनिर्देश म्हणजे परवानगी नव्हे. विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून वापरायची मुभा असलेली चित्रं मिळतात. त्यांच्याखाली चार गोष्टी द्या : चित्राचं नाव, कर्ता, मूळ पानाची लिंक, आणि परवान्याचं नाव आवृत्तीसह, म्हणजे ‘सीसी बाय-एसए ४.०’ असं. परवान्यात ‘एनडी’ असेल तर चित्रात बदल करून ते वापरता येत नाही. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही. लेखातून पैसे मिळत असतील तर असं चित्र टाळलेलं बरं.

स्वतःचा फोटो सगळ्यात सोपा, पण थेट फोनमधून चढवू नका. चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो काही एमबीचा होतो आणि कमी वेगाच्या नेटवर लेख अडतो. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल, जेपेग दर्जा ८०च्या आसपास, एवढ्यात तो बहुधा दोन-तीनशे केबीत बसतो. फोटोच्या माहितीत जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. घरात काढलेला फोटो असेल तर ही माहिती आधी काढून टाका. सगळेच मंच ती पुसतात असं धरून चालू नका.

प्रश्न : लेखावर ‘५ मिनिटांचं वाचन’ असं येतं. मला स्वतःला जास्त वेळ लागतो.

मीडियमचा हिशेब मिनिटाला सुमारे २६५ शब्द असा आहे. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एक शब्द. इंग्रजीत त्याचे चार-पाच होतील. शब्द कमी भरतात, म्हणून मिनिटंही कमी दिसतात. मोठ्या लेखात खरा आकडा द्यायचा असेल तर घड्याळ लावून वाचा आणि तोच पहिल्या ओळीत लिहा.

प्रश्न : प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर गुपचूप दुरुस्त करावी का?

शुद्धलेखनाची करावी. आकडा, नाव किंवा निष्कर्ष बदलत असेल तर लेखाखाली तारखेसह एक ओळ द्या : आधी काय होतं, आता काय आहे. सबस्टॅकसारख्या मंचावर लेख ईमेलनंही जातो. वेबवर केलेली दुरुस्ती आधीच गेलेल्या ईमेलमध्ये पोचत नाही. म्हणून तिथे ‘पाठवा’च्या आधी स्वतःच्या पत्त्यावर चाचणी ईमेल मागवून तो फोनवर वाचा.

प्रश्न : सगळे लेख मंचावरच लिहिते. वेगळी प्रत ठेवायची गरज आहे का?

आहे. गूगलनं लेखांसाठीच ‘नॉल’ हा मंच २००८ साली सर्वांना खुला केला आणि २०१२ साली बंद केला. लेख उतरवून घ्यायला मुदत मिळाली होती, पण ती सूचना वाचणाऱ्यांपुरतीच. शिवाय धोका रोजचाही आहे : एकच मसुदा फोनवर आणि लॅपटॉपवर उघडा ठेवलात तर मागे पडलेल्या खिडकीतलं आपोआप जतन होणं नव्या मजकुरावर जुना चढवू शकतं. एका वेळी एकच खिडकी उघडी ठेवा. तसं झालंच, तर घाबरून पुन्हा टाइप करत बसू नका, आधी ‘रिव्हिजन’ किंवा आवृत्त्यांचा इतिहास पाहा.

मसुदा आपल्या फाइलीतच लिहा, मंचावर आणा, आणि प्रसिद्ध झालेला अंतिम मजकूर परत फाइलीत घ्या. शेवटच्या दुरुस्त्या बहुधा मंचावरच झालेल्या असतात. दर तीन महिन्यांनी सेटिंगमधून ‘एक्सपोर्ट’ करा. वर्डप्रेस एक्सएमएल फाइल देतं, मीडियम एचटीएमएल पानांची झिप. वर्डप्रेसच्या त्या फाइलीत चित्रांचे फक्त पत्ते असतात, चित्रं नसतात. ती वेगळ्या फोल्डरमध्ये, लेखाच्याच नावानं ठेवा.