वाचक विचारतात: जोलोफचा टोमॅटो पुलाव का होतो?

मागच्या अंकात मी आमच्या नायजेरियातल्या लागोसच्या सहा वर्षांबद्दल जरासं लिहिलं, इलुपेजूतलं भाड्याचं घर, जनरेटरची घरघर, लाइट आले की अख्ख्या गल्लीतल्या पोरांची 'अप नेपा!' ही आरोळी, आणि शेजारच्या योरुबा मम्मीने शिकवलेला स्वयंपाक, तर पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, पाच निवडलीयेत.

ताई, माझा मुलगा तीन वर्षं लागोसला नोकरीला होता. परत आल्यापासून जोलोफ जोलोफ करतोय. मी दोनदा केला, दोन्ही वेळा 'छान झालाय आई' म्हणाला पण परत वाढून घेतला नाही. मी बासमती, टोमॅटो प्युरी, आलं-लसूण, गरम मसाला घेते आणि जिऱ्याची फोडणी देते. कुठे चुकतंय?
*एक वाचक, ठाणे*

अहो, तुम्ही टोमॅटो पुलाव केलात आणि तो छानच झाला असणार, पोरगा खोटं बोलत नाहीये. पण जोलोफ, म्हणजे तिथला लाल वाटणात शिजवलेला भात, नाही तो. जिरं आणि गरम मसाला आधी ओट्यावरून उचलून ठेवा.

सगळा खेळ लाल वाटणाचा आहे. 4 टोमॅटो, 2 मोठ्या लाल ढोबळ्या मिरच्या, 1 कांदा आणि तिखट मिरची. तिथे 'अता रोडो' वापरतात, म्हणजे स्कॉच बॉनेट मिरची, बुटकी, सुरकुतलेली, वास एखाद्या फळासारखा आणि तिखट अशी की पहिल्यांदा चिरल्यावर मी तोच हात डोळ्याला लावला आणि अर्धा तास नळाखाली उभी होते. आपल्याकडे नाही मिळाली तर 2-3 ताज्या लाल तिखट मिरच्या घ्या, तो वास नाही येणार पण चालतं. तिथल्या बायका हे सगळं बादलीत भरून बाजारातल्या गिरणीवर नेतात, हो, दळणासारखंच, रांग लावून, फट फट करणाऱ्या इंजिनावर मिरची-टोमॅटो वाटून घेतात. आपण मिक्सर.

आता हे वाटण आधी नुसतं पातेल्यात आटवायचं, पाणी जाईपर्यंत. दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी तेल (हात आखडता घेऊ नका, जोलोफ डाएटचं जेवण नाहीच), त्यात उभा चिरलेला कांदा, मग 3 मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घालून ती गडद होईपर्यंत परता, मग आटवलेलं वाटण घाला आणि मग पंधरा-वीस मिनिटं तिथून हलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. मिसळीच्या तर्रीसारखं तेल सुटून कडेने लाल दिसायला लागलं आणि टोमॅटोचा कच्चा आंबट वास गेला की झालं. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात, मीही वर्षभर करत होते. मम्मी नुसती पातेल्यात वाकून बघायची आणि म्हणायची, 'इट इज स्टिल क्राइंग,' म्हणजे अजून पाणी आहे त्यात.

मग 1 चमचा करी पावडर, 1 चमचा सुका थाइम, 2 तमालपत्रं, 1-2 स्टॉक क्यूब, मीठ. थाइम सोडू नका, मुलाला जो वास आठवतोय ना तो त्याचाच आहे. तांदूळ बासमती नको, सेला घ्या, 2 वाट्या, चांगला धुऊन. तिथे सगळीकडे लांब दाण्याचा उकडा तांदूळच वापरतात (त्यातला केवढा तरी भारतातूनच पश्चिम आफ्रिकेत जातो, गंमत बघा), कारण तो वाटणात शिजूनही मोडत नाही. पाणी कमी ठेवा, तांदळाच्या जेमतेम बरोबरीला. वर फॉइल दाबून बसवा, त्यावर झाकण, गॅस अगदी बारीक, अर्धा तास. मध्ये एकदाच हलवा.

आणि शेवटी गॅस मोठा करून चार-पाच मिनिटं मुद्दाम बूड लागू द्यायचं. हो, मुद्दाम! आपण खरवड म्हणतो ना, तीच. लग्नाकार्यात लाकडावर मोठमोठ्या पातेल्यात करतात तेव्हा तो धुराचा वास अख्ख्या भातात उतरतो, त्यालाच पार्टी जोलोफ म्हणतात, आणि घरी लोक खरवडीवरून भांडतात.

बाकी जोलोफ मुळात कुणाचा हा वाद मुलासमोर काढू नका. नाव सेनेगलकडच्या वोलोफ लोकांवरून आलंय, सेनेगलच्या मासे-भाताला, चेबू जेनला, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, पण नायजेरिया आणि घाना मात्र आपलाच भारी म्हणून आजही भांडतायत. कोल्हापूरची मिसळ की नाशिकची, त्यातलाच प्रकार.

आम्ही शुद्ध शाकाहारी. मिस्टरांची लागोसला बदली होतेय. तिथे आम्ही खायचं काय?
*एक वाचक, नागपूर*

चवळी खायची! अगदी सिरियसली सांगते, ज्या चवळीची आपण उसळ करतो ती मूळची आफ्रिकेचीच, आणि तिथे तिचे जे प्रकार होतात ते बघून मला आपली उसळ जरा केविलवाणी वाटायला लागली होती.

शनिवारी सकाळी प्रत्येक कोपऱ्यावर बाई मोठी कढई घेऊन बसते आणि अकारा तळते. चवळी तासभर भिजवायची, हाताने चोळून सालं काढायची, सालं पाण्यावर तरंगतात ती ओतून टाकायची, हे काम कंटाळवाणं आहे, मुलांना लावा. मग कमीत कमी पाण्यात कांदा-मिरचीबरोबर वाटून, उडीदवड्याचं पीठ फेटतो तसं हवा भरेपर्यंत फेटायचं. मीठ अगदी तळायच्या आधी घाला, मम्मी म्हणायची आधी घातलं की पीठ बसतं, आणि मला तरी तसाच अनुभव आलाय. बाहेरून कुरकुरीत, आतून जाळीदार. सोबत ओगी, म्हणजे मका किंवा ज्वारी आंबवून केलेली आंबिलीसारखी पातळ खीर. हाच अकारा गुलाम म्हणून नेलेल्या योरुबा लोकांबरोबर ब्राझीलला पोचला, तिकडे बाहियात तो अकाराजे नावाने रस्त्यावर मिळतो.

त्याच पिठात लाल ढोबळी मिरचीचं वाटण आणि थोडं तेल घालून वाफवलं की मोईमोई. तिथे पानात गुंडाळतात, तुम्ही स्टीलच्या वाट्यांना तेल लावून ढोकळ्यासारखं वाफवा, 40 मिनिटं. शिवाय एवा अगोयिन, चवळी पार गाळ शिजवून वर कांदा-मिरचीचं काळपट, जवळजवळ जळकं तिखट, सोबत अगेगेचा मऊ गोड पाव.

एक मात्र लक्षात ठेवा. 'मीट नाही ना?' विचारलं की तिथे प्रामाणिकपणे नाही म्हणतात, आणि आत सुकी कोळंबी असते. मासळी म्हणजे मीट नाही असा सरळ हिशोब. आमच्या पहिल्याच महिन्यात सासूबाई आलेल्या असताना त्यांनी दोन मोईमोई खाल्ले, 'काय खमंग आहे गं' म्हणाल्या, तिसरा फोडला तर आत अख्खं उकडलेलं अंडं आणि बाजूला माशाचा तुकडा. तेव्हा क्रेफिश (हीच ती सुकी कोळंबी), फिश, एग, तिन्ही नावं घेऊन विचारा. स्टॉक क्यूबवरचं लेबलही वाचा.

माझ्या मुलीची पुण्याच्या हॉस्टेलमधली रूममेट नायजेरियाची आहे. तिला घरी जेवायला बोलावलंय, तिच्या घरचं काहीतरी करावं असं वाटतं. सोपं काय?
*एक वाचक, सातारा*

किती गोड कल्पना. जोलोफच्या वाटेला जाऊ नका, त्यावर प्रत्येकीचं ठाम मत असतं! साधा पांढरा भात, स्ट्यू आणि दोदो करा, हे तिथलं रोजचं वरण-भात-भाजी समजा. वर सांगितलंय तेच लाल वाटण, तेल सुटेपर्यंत परतलेलं, त्यात थाइम, करी पावडर आणि आधी उकडून मग तळलेलं चिकन किंवा उकडलेली अंडी, झाला स्ट्यू.

दोदो म्हणजे पिकलेल्या प्लँटेनचे तळलेले काप. आपली वेलची केळी नकोत, विरघळतात, आणि भाजीची कच्ची केळीही नकोत, त्याचे वेफर्स होतील. केरळी दुकानातली नेंद्र केळी आणा, सालावर काळे डाग पडेपर्यंत ठेवा, तिरके जाड काप, चिमूटभर मीठ, कडेने ब्राउन होईपर्यंत तळा. जास्तीचे करा, निम्मे ताटात जायच्या आधीच संपतात.

हात धुवायला तिला टेबलावरच पाण्याचा वाडगा दिलात तर तिला घरच्यासारखं वाटेल. आणि तुमचं पिठलं-भाकरीही ठेवा बाजूला, भाकरी मोडून पिठल्यात बुडवणं तिला शिकवावं लागणार नाही.

मुलगी लंडनला असते, जावई नायजेरियातला, इग्बो. पुढच्या महिन्यात बाळंतपण, मी जातेय आणि विहीणबाईही येतायत. त्या म्हणे पहिल्या दिवसापासून बाळंतिणीला मिरचीचं सूप देणार! मी डिंकाचे लाडू घेऊन चाललेय. भांडण होईल का?
*एक वाचक, कोथरूड*

होऊ देऊ नका, कारण तुम्ही दोघी एकाच कामाला चाललायत. त्याला इग्बो लोकांत ओमुग्वो म्हणतात. मुलगी बाळंत झाली की आईने येऊन राहायचं, तिला शेकायचं, बाळाला अंघोळ घालायची, तिला गरम खायला घालायचं. खरं तर पहिला मान मुलीच्या आईचा, म्हणजे तुमचाच, पण हे तुम्ही बोलून दाखवू नका, त्यांना ते माहीत असणारच.

ते सूप म्हणजे जी मिरी ओकू, शब्दशः गरम पाण्यातलं याम, याम म्हणजे एक कंद. पांढऱ्या यामचे तुकडे, सुका मासा, आणि उझिझा, उडा असे तिखट सुगंधी मसाले. पोट साफ व्हावं, अंगात ऊब यावी, दूध यावं, ही समजूत. आता सांगा, आपण मिरी, सुंठ, अळीव, बाळंतशोपा कशासाठी देतो? तिखट जास्त वाटलं तर डॉक्टरांना विचारून घ्या, पण विहीणबाईंच्या पातेल्यात तुम्ही चमचा घालू नका. त्यांना लाडू मात्र पहिल्याच दिवशी द्या. याम आपल्या कोनफळाच्या भाऊबंदातलं, त्यामुळे तुम्हाला आवडेल बघा.

पुतण्याने लागोसहून 'गरी'चं पाकीट आणलं. रव्यासारखं दिसलं म्हणून उपमा केला. आंबट, चिकट गोळा झाला, कढई घासायला दोन दिवस लागले. हे नक्की आहे काय?
*एक वाचक, अलिबाग*

हसू आवरत नाहीये, माफ करा. गरी म्हणजे कसावा, ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. किसून, पोत्यात भरून, वर वजन ठेवून दोन-तीन दिवस पाणी निथळू देतात आणि आंबवतात, कारण कच्च्या कसाव्यात सायनाइड असतं ते त्याने निघून जातं, मग चाळून मोठ्या पसरट कढईत कोरडं भाजतात. म्हणजे तुमच्याकडे आलं तेव्हाच ते शिजलेलं होतं आणि आंबटपणा हा त्याचा गुण आहे. तिथे बाजारात ते रंगाच्या डब्याने मोजून देतात, माप म्हणजे चक्क रिकामा पेंटचा डबा, जशी आपली पायली.

त्याची एबा करा. पातेल्यात दोन वाट्या पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद, वरून हळूहळू गरी भुरभुरवायची, पाणी दिसेनासं होईपर्यंत, दोन मिनिटं झाकण, मग लाकडी उलथन्याने मोदकाच्या उकडीसारखं घोटायचं. छोटा गोळा तोडून अंगठ्याने खळगा करायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा, म्हणून तर या प्रकाराला स्वॅलोच म्हणतात. रस्सा एगुसीचा. कलिंगडाच्या बियांचा मगज मिक्सरमध्ये दळून, थोड्या पाण्यात कालवून, लाल वाटणात चमच्या-चमच्याने सोडायचा, न हलवता दहा मिनिटं झाकायचा म्हणजे गुठळ्या धरतो, मग पालक. लाल पामतेल नसेल तर शेंगदाण्याचं, रंग येणार नाही एवढंच.

आणि एवढाही उत्साह नसेल, दुपारचं कडक ऊन, लाइट गेलेले, तर तिथे सगळे जे करतात तेच करा. वाडग्यात चार चमचे गरी, फ्रीजमधलं गार पाणी, वर तरंगेल तो कचरा काढून टाकायचा, साखर, दूध पावडर आणि भाजलेले शेंगदाणे. लगेच खा, दहा मिनिटांत फुगून घट्ट होतं. दाणे शेवटी घाला, नाहीतर मऊ पडतात. उरलेल्या पाकिटाचा उपमा मात्र नका करू परत.