कफात यीस्ट दिसलं म्हणून फ्लुकोनॅझोल नको, आधी नमुना नीट घ्या

पांढरकवड्याकडच्या ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसर मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा: पन्नाशीची बाई, आमवातासाठी कितीतरी महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, वर शुगर. दोन आठवडे ताप-खोकला, अँटिबायोटिकने उतार नाही, टीबीची सीबीनॅट टेस्ट निगेटिव्ह आणि कफाच्या रिपोर्टवर 'बडिंग यीस्ट सेल्स', म्हणजे कोंब फुटणाऱ्या बुरशीच्या पेशी. फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी सुरू करू का? आणि फंगससाठी नागपूरला कोणती टेस्ट पाठवू?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. नका करू. कफातलं यीस्ट बहुतेक वेळा तोंडातूनच आलेलं असतं. स्टेरॉइड, शुगर आणि वरून दोन आठवडे अँटिबायोटिक, एवढं झाल्यावर त्या बाईच्या तोंडात कॅन्डिडा (हेच ते यीस्ट) सापडला नसता तरच नवल. कॅन्डिडाचा खरा न्यूमोनिया फार क्वचित होतो. कॅथेटर असलेल्या पेशंटच्या लघवीतल्या यीस्टचंही बरंचसं तसंच. आधी कॅथेटर काढता येतो का ते बघा. ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) गोष्ट मात्र पूर्ण उलटी. तिथे यीस्ट आलं तर 'कंटॅमिनेशन असेल' म्हणून कधीच सोडायचं नाही. आणि एक महत्त्वाचं: फ्लुकोनॅझोल अ‍ॅस्परजिलसवर चालत नाही, म्युकरवर चालत नाही (दोन्ही नाकात, फुफ्फुसात घुसणाऱ्या बुरशा). तुमच्या पेशंटच्या फुफ्फुसात बुरशी असलीच तर या दोघांचाच संशय आधी घ्यावा लागेल. म्हणजे गोळी दिली, आपल्याला बरं वाटलं आणि आठवडा वाया गेला.

'कोणती टेस्ट' हा प्रश्न माझ्या मते तिसऱ्या नंबरचा. त्याआधी बघायचं की प्रतिकारशक्ती कशाने कमी झाली आणि आजार शरीरात नेमका कुठे बसलाय. ही दोन उत्तरं हातात असली की टेस्ट आपोआप ठरते.

आपल्याकडे पहिलं उत्तर काढणंच कठीण. स्टेरॉइड घेता का विचारलं तर कोणी हो म्हणत नाही. 'गुडघ्याची पुडी घेते' म्हणतात. सुनेला ती पुडी घरून आणायला सांगा. कागदात बांधलेल्या बिननावाच्या दोन-तीन गोळ्या निघतात आणि त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असण्याची शक्यता धरूनच चालायचं. चेहरा गोल झालाय का, दंडावर निळे डाग आहेत का, हे बघायला पैसे लागत नाहीत. केमो घेऊन गावी परतलेल्या पेशंटची फाईल मागा आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पाहा. ५०० च्या खाली दहा-बारा दिवस राहिले असतील तर अ‍ॅस्परजिलस डोक्यात हवाच. एचआयव्ही असेल तर सीडी४ (एचआयव्हीत घटणाऱ्या पेशी) किती, हे एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) फोन करून विचारा.

आता म्युकर. २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिला, पण तो कोविडसोबत आला नव्हता आणि कोविडसोबत गेलाही नाही. शुगर हाताबाहेर गेलेला, लघवीत कीटोन असलेला माणूस 'एका बाजूचा गाल बधिर झाला' म्हणतो, डोळा सुजतो, वरचे दात हलतात. असे पेशंट आधी दाताच्या डॉक्टरकडे जातात. टॉर्च घेऊन टाळू आणि नाक बघा. काळी खपली दिसली तर तुमच्याकडे सीटी नसला तरी मायक्रोस्कोप आहे, मलेरियाच्या स्लाइड आणि टीबीचा कफ बघायचा तोच. खपलीचा किंवा तिच्या कडेचा तुकडा स्लाइडवर घ्या, १० ते २० टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा, तुकडा विरघळेपर्यंत थांबा. इथे रंग नसतो, म्हणून कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग) खाली घेऊन उजेड कमी करायचा. टेक्निशियन सवयीने पूर्ण उजेडात बघतात आणि बुरशी समोर असून दिसत नाही. आधी १०x, मग ४०x. रुंद, वेड्यावाकड्या फिती, मध्ये पडदे जवळपास नाहीत, फांद्या साधारण काटकोनात: म्युकर. बारीक, एकसारख्या जाडीचे धागे, ठरावीक अंतरावर पडदे, फांद्या ४५ अंशांच्या आसपास: अ‍ॅस्परजिलस. प्रत्यक्षात धागे चेपलेले, तुटलेले असतात आणि कोनावरून भांडण्यात अर्थ नसतो. अशा पेशंटच्या खपलीत धागे दिसले एवढंच रेफर करायला पुरे. कल्चरची वाट बघू नका. म्युकर कल्चरमध्ये अनेकदा उगवतच नाही. अ‍ॅम्फोटेरिसिन (म्युकरवरचं औषध) आणि सर्जन दोन्ही जिथे आहेत तिथेच पाठवा, मग ते यवतमाळ असो, सेवाग्राम असो की नागपूर. निगेटिव्ह स्लाइडने मात्र काहीच सिद्ध होत नाही.

एचआयव्हीच्या पेशंटची आठवडेच्या आठवडे चाललेली डोकेदुखी हा वेगळा प्रकार. मान कडक नसते, तापही जेमतेम, घरचे म्हणतात 'टेन्शन आहे त्याले'. तिथे क्रिप्टोकॉकल अँटिजेनची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीची) पट्टी लावा. रक्तावर, पाठीच्या पाण्यावर, दोन्हीवर चालते आणि दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देते. इंडिया इंक (पाठीच्या पाण्यात काळी शाई घालून स्लाइड) करा, पण ती निगेटिव्ह आली म्हणून पेशंटला घरी पाठवू नका. बऱ्याच केसेस ती सोडते, पट्टी फार थोड्या सोडते. डब्ल्यूएचओ तर सीडी४ १०० च्या खाली असेल तर त्रास नसतानाही ही तपासणी करायला सांगते आणि २०० च्या खाली विचारात घ्यायला. पाणी काढताना प्रेशर मोजा. मॅनोमीटर नसेल तर निर्जंतुक आयव्ही सेटची नळी सरळ उभी धरून टेपने सेंटिमीटर मोजता येतात. या आजारात प्रेशरच जीव घेतं.

गॅलॅक्टोमॅननबद्दल लोकांची फार अपेक्षा असते. ही टेस्ट अ‍ॅस्परजिलससाठी आहे, म्युकर तिच्यात दिसत नाही. बीटा-डी-ग्लुकन या बुरशीच्या दुसऱ्या रक्ततपासणीतही म्युकर दिसत नाही. म्हणजे दोन्ही निगेटिव्ह आल्या म्हणून 'फंगस नाही' म्हणता येत नाही. शिवाय रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन न्यूट्रोफिल कमी असलेल्यांत बऱ्यापैकी साथ देतं, स्टेरॉइडवाल्यांत बरंच कमी. तुमच्या पेशंटसाठी ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनळीत दुर्बीण घालून) काढलेल्या पाण्यावर केलेली टेस्ट जास्त कामाची. अँटिफंगल आधीच सुरू असेल तर ती आणखी लंगडी होते.

पाठवण्याची पद्धत तर मी प्रत्येकाला सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त नमुने मरतात. बायोप्सीचे दोन तुकडे, दोन डब्या. एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा स्टराइल सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला. सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला की कल्चर संपलं. सलाइनची डबी फ्रिजमध्ये नाही, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीतही नाही. ती माणसाच्या हातात द्या. फॉर्मवर ठळक लिहा: 'म्युकर? तुकडा वाटू नये, बारीक कापावा.' खलात वाटला की म्युकरचे धागे तुटून मरतात. लॅबला संशयच माहीत नसेल तर ते बॅक्टेरियाच्या सवयीने वाटणारच. त्याखाली शुगर, स्टेरॉइडचा डोस, न्यूट्रोफिल आणि दिलेली औषधं. मग लॅबला एक फोन.

तुमच्या बाईसाठी आता: एक्स-रे साफ असला तरी समाधान मानू नका, सीटी छाती करून घ्या. गाठी, कॅव्हिटी, भोवती धूसर वलय असं काही आलं तर ब्रॉन्कोस्कोपीसाठी पाठवा. त्या पाण्यावर केओएच, फंगल कल्चर, गॅलॅक्टोमॅनन आणि पुन्हा सीबीनॅट हे चारही मागा. एका कफाच्या निगेटिव्हवर टीबी बाद होत नाही, आणि नोकार्डियासाठी (टीबीसारखा आजार करणारा जिवाणू) मॉडिफाइड झेडएनही (टीबीच्या स्लाइड-रंगाचा बदललेला प्रकार) सांगून ठेवा. पूर्वी टीबी होऊन जुनी कॅव्हिटी असेल तर अ‍ॅस्परजिलस आयजीजीही (त्याविरुद्धची रक्तातली अँटिबॉडी) काढा, तो महिनोन्‌महिने रेंगाळणारा वेगळाच आजार आहे. टीबीची औषधं अंदाजाने सुरू करायचा मोह झाला तर लक्षात असू द्या: टीबीच्या रिफाम्पिसिनसोबत व्होरिकोनॅझोल (अ‍ॅस्परजिलसवरचं औषध) रक्तात टिकत नाही, पुढे अ‍ॅस्परजिलस निघाला तर हात बांधले जातात. प्रेडनिसोलोन एकदम बंद करू नका. नाक, टाळू आणि लघवीतले कीटोन आजच बघा, आणि सीटी झाला की त्याचे फोटो इथे टाका.