बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे, गेमिंगसाठी कोणता प्रोसेसर टाकू?

भावा, आधी गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघ. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढला तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. मग प्रोसेसरवर पैसे घालू नकोस. नाही वाढला, तर बोर्ड-रॅम तेच ठेव, त्याच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसायच्या खाचेवर) रायझनची ५००० मालिका चालते. बजेट कमी असेल तर रायझन ५ ५६००. पण नवा ५७००एक्स३डी मिळाला तर तोच घे: त्याला ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे, ५६०० ला ३२च. बऱ्याच गेममध्ये चित्र मध्येच अडखळतं, ते त्यानं कमी होतं. फक्त त्याच्यासोबत कूलर येत नाही, आणि आपल्या कोल्हापुरातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात चांगला टॉवर कूलर हवाच. बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) मात्र जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच अपडेट कर, नाहीतर स्क्रीन काळीच राहील आणि कॅबिनेट उचलून राजारामपुरीतलं कॉम्प्युटरचं दुकान गाठावं लागेल.