बंद झाल्याचा कागद

प्रश्न : बेकार झालेले कामगार रस्त्यावर उतरतील या धास्तीने सरकारं आर्थिक सुधारणा लांबवतात, असं म्हणतात. मग मुंबईच्या गिरण्या गेल्या तेव्हा मोठा उद्रेक का झाला नाही? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : रस्त्यावर उतरून झालं होतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मिटल्याचं रीतसर कुणी जाहीरसुद्धा केलं नाही. १९९१ ला सुधारणा आल्या तोवर गिरणगावाचा दम संपला होता. (कापड भिवंडीच्या आणि तुमच्या गावच्या मागांवर गेलेलं. राग मानू नका.)

दुसरं कारण आमच्या घरातलं. वडील साचाखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर. १९७६ पासून मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. बऱ्याच मालकांनी ती मागितलीच नाही. विजेचं बिल थकवलं, वीज कापली गेली, साचे थांबले. आमच्या गिरणीचंही तेच. फाटकावर नोटीस नाही, त्यामुळे वडील रोज डबा घेऊन जायचे आणि दुपारी तोच घरी आणून खायचे. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ आला तेव्हा म्हणाले, “गिरणी कामगार लिही. बंद झाल्याचा कागद दाखव, मग बेकार लिही.”

आता मोर्चा न्यायचा कुणावर?

फेब्रुवारी १९९२ मध्ये केंद्राने नॅशनल रिन्यूअल फंड काढला. कामगारांना नवं काम शिकवायचं, असं त्यात होतं. पैसा मुख्यतः सरकारी उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर (व्हीआरएस) गेला. आमच्या खासगी गिरणीने बऱ्याच वर्षांनी व्हीआरएस दिली. त्यात वाण्याची वही मिटली, ताईचं लग्न झालं, गावच्या घरावर नवी कौलं चढली. मग वडील एका पतपेढीच्या दारात वॉचमन.

राग चाळीतच मुरला. आमच्या मजल्यावरची दोन पोरं टोळीत गेली, दोघांचे बाप गिरणीतले. सरकारला दगडफेकीची भीती होती, ती टळली. पण सुधारणा म्हणजे आपल्याला बाहेर काढायची नवी युक्ती, हे गिरणगावात पक्कं बसलं. ‘कामगार कायद्यात लवचिकता’ असं बातम्यांत आलं की वडील अजून टीव्ही बंद करतात. व्हीआरएसच्या फॉर्मवर सही करताना ‘स्वेच्छेने’ हा शब्द त्यांनी टाइमकीपरला दोनदा वाचायला लावला होता.