उपकेंद्रांसाठी वर्तुळं काढताय? थांबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुका डोंगराळ आहे, एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि चार उपकेंद्रं नव्याने सुचवायची आहेत, आणि तुम्ही नकाशावर पाच-पाच किलोमीटरची वर्तुळं काढून मोकळी जागा राहते का ते बघताय. आधी ती वर्तुळं पुसा; माणसं सरळ रेषेत नाही, रस्त्याने जातात.

लोकसंख्येचे निकष तुम्हाला पाठ असतीलच. डोंगरी-आदिवासी भागात उपकेंद्राला ३०००, आरोग्य केंद्राला २०,०००, ग्रामीण रुग्णालयाला ८०,०००; सपाटीवर ५०००, ३०,००० आणि १,२०,०००. यातून किती हवीत ते कळतं, कुठे हवीत ते नाही.

खरी गोम उपकेंद्र, आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय या तिन्ही पायऱ्या सुट्या-सुट्या ठरवण्यात आहे. समजा, उपकेंद्रातल्या सिस्टरने अडलेल्या बाळंतिणीला पुढे पाठवलं. आरोग्य केंद्र दक्षिणेला आणि ग्रामीण रुग्णालय उत्तरेला असेल, तर गाडी आधी खाली जाणार आणि त्याच रस्त्याने परत वर येणार. लोक असे हेलपाटे घालत नाहीत, मधली पायरी सरळ गाळतात. मग आरोग्य केंद्र ओस आणि रुग्णालयात केसपेपरला रांग. म्हणून वरून खाली या. ग्रामीण रुग्णालय हलत नाही, ते धरून चाला. त्याच्या वाटेवर, जिथे तीन-चार गावांचे रस्ते मिळतात त्या फाट्याजवळ आरोग्य केंद्र बघा, आणि मग उपकेंद्रं.

तुम्ही सरासरी अंतर कमी करणारं गणितही लावलंय (हकिमीचं १९६४ चं, पी-मीडियन). ते चांगलं आहे, पण डोंगरात फसवतं. चार पाड्यांत मिळून ९०० माणसं दोन किलोमीटरवर आणि एका पाड्यात १०० माणसं बारा किलोमीटरवर असतील, तरी सरासरी येते तीनच. कागद छान दिसतो, ती शंभर माणसं तिथेच. त्यापेक्षा चर्च आणि रेव्हेल यांची १९७४ ची पद्धत घ्या: अमुक मिनिटांत किती लोक पोहोचतात ते मोजायचं. दोन्ही चालवून बघा. जिथे उत्तरं वेगळी येतील, तिथे स्वतः जाऊन या.

मिनिटं मात्र पावसाळ्यातली धरा. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं, हे आपण वर्षानुवर्षं वाचतोय. तुमच्याकडेही असा एखादा ओढा असणारच. आणि २०११ च्या जनगणनेत महसुली गावाचा आकडा मिळतो, पाड्यांचा वेगळा नाही. तो आशाताईंच्या वहीत घरटी असतो.

जागेचं एक सांगतो. आमच्याकडे एक उपकेंद्र गायरानात बांधलं, कारण जमीन फुकट होती. गावठाणापासून दीड किलोमीटर, वाटेत एक दिवा नाही. सिस्टरला क्वार्टर होतं, पण एकटी बाई तिथे रात्रीची राहणार कशी? वर्षभरात ओट्यावर शेळ्या बसायला लागल्या आणि गरोदर बायांची तपासणी अंगणवाडीत भरू लागली. गणितात ते गाव आजही 'सेवेखाली' आहे.

आता कुठल्या गावाला कोणत्या वारी बाजार भरतो आणि मुक्कामी एसटी कुठवर जाते, तेवढं कळवा. फाटा कुठला धरायचा ते मग बोलू.