दीड सेंटीमीटरसाठी पाय लांब करत नाहीत

ताई, मुलगी 11 वर्षांची, शिंप्याने नीट मापाने शिवलेल्या शाळेच्या स्कर्टचा घेर डावीकडे खाली येतो, टेपने डावा पाय दीड सेंटीमीटर आखूड भरला आणि शेजारच्यांनी 'पाय लांब करायचं ऑपरेशन' सुचवलं. तुमची झोप उडाली असणार. माझा उजवा पाय 16व्या वर्षी मांडी मोडल्यापासून जवळजवळ 2 सेंटीमीटर आखूड आहे. तो घेऊन 32 वर्षं बडोद्यात हिंडतोय, म्हणून लिहितो.

टेपवर फार विसंबू नका. पोर जरा तिरकी झोपली तरी अर्धा सेंटीमीटर इकडचा तिकडे होतो. तिला गुडघे ताठ ठेवून उभं करा, डाव्या पायाखाली जुन्या वह्या एकेक सरकवा. कंबरेची पुढची दोन्ही टोकदार हाडं एका रेषेत आली की वह्यांची जाडी मोजा. मग स्टुलावर बसवा. बसल्यावर पाठ सरळ झाली तर बाक पायामुळे. बसूनही वाकडीच राहिली आणि पुढे वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर आल्या, तर दुखणं मणक्याचं, तिथे लिफ्टचा, म्हणजे आखूड पायाच्या बुटात घालायच्या उंचवट्याचा, उपयोग नाही. कधी हाडं सारखीच असतात, पण कंबरेचा स्नायू आखडून पाय आखूड भासतो. त्याला व्यायाम लागतो. लिफ्ट घातली तर तो तसाच आखडून राहील. खरं माप उभ्याने काढलेल्या, कंबरेपासून घोट्यापर्यंतच्या एक्सरेत कळतं.

आखूड बाजूला कंबर झुकते, कणा तोल साधायला त्याच बाजूला बाक काढून पुन्हा मध्यावर येतो. लांब पायाचा गुडघा आपोआप मोडला जातो. कॉलेजच्या प्रत्येक फोटोत मी डावा गुडघा मोडून उभा आहे, लोकांना ती ऐट वाटायची!

2 सेंटीमीटरच्या आत बहुतेकदा काहीच करत नाहीत. दुखत असेल तर लिफ्ट. बुटात जेमतेम 1 सेंटीमीटर मावते, पुढचा थर मोच्याकडून सोलखाली. पूर्ण फरक एकदम भरू नका. मला एकदम पूर्ण उंची दिली होती, आठ दिवसांत कंबर धरली. मग 5 मिलिमीटरपासून पुन्हा सुरुवात. शिवाय आपण घरात अनवाणी, म्हणजे लिफ्ट अर्धाच दिवस. मी घरच्या वापराची वेगळी स्लिपर करून घेतली, तर आईने वर्षभर ती स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. नवरात्रात गरबाही अनवाणीच. दुसऱ्या दिवशी कंबर बोलते, पण मुलीचा गरबा बंद करू नका.

तिच्या बाबतीत खरा प्रश्न एकच: फरक वाढतोय का? मुलींची हाडं साधारण 14व्या वर्षापर्यंत वाढतात, आणि गुडघ्याच्या वर-खाली मिळून पाय वर्षाला सुमारे दीड सेंटीमीटर लांबतो. वाढ संपेपर्यंत फरक 2 सेंटीमीटरच्या पुढे जाईल असं दिसलं, तर लांब पायाची गुडघ्याजवळची वाढ वेळेवर थांबवतात. ते ऑपरेशन लहान असतं, पण वय निघून गेलं की उपयोग नाही. पाय लांब करणं वेगळं. सायबेरियातल्या कुर्गान शहरातले हाडांचे डॉक्टर इलिझारोव्ह यांची ती पद्धत: हाड कापून, बाहेरून कडी बसवून रोज 1 मिलिमीटर ताणायचं. नवं हाड पक्कं होईपर्यंत महिनोन्‌महिने कडी पायावर, कडी हाडाला धरून ठेवणाऱ्या तारांच्या जागी पू होण्याची भीती, गुडघा आखडतो तो वेगळाच. मोठ्या फरकासाठी, बहुधा 5 सेंटीमीटरच्या पुढे, हे सोसतात.

म्हणून आत्ता हाडांच्या डॉक्टरांकडून एक्सरे, सहा महिन्यांनी पुन्हा तसंच माप. तोवर शिंप्याला डावीकडचा घेर बोटभर वर घ्यायला सांगा.