रेस्क्यू की सेव्ह? आधी ‘कशातून?’ विचारा

तुमच्या मुलीने वहीत ‘द डॉक्टर रेस्क्यूड हिज लाइफ’ लिहिलं आणि बाईंनी ते खोडून ‘सेव्ह्ड’ केलं. दोन्हींचा अर्थ ‘वाचवणे’ असताना चूक कुठे, असं तुम्ही विचारलंय. बाई बरोबर आहेत. पण मुलीला रागावू नका, घोळ आपल्या ‘वाचवणे’चा आहे. आपल्याकडे जीव वाचतो, पैसे वाचतात, वेळ वाचतो आणि विहिरीत पडलेलं वासरूही वाचतं. इंग्रजीतला ‘सेव्ह’ असाच ऐसपैस आहे. ‘रेस्क्यू’ नाही.

‘रेस्क्यू’साठी मनात ‘सोडवणे’ धरा, ‘सुटका’ धरा. शब्दाची कुळकथाही तेच सांगते. तो जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे लॅटिन ‘क्वातेरे’ हा धातू आहे, म्हणजे हलवणे, झटकणे. डोक्याला मार बसल्यावर डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात, त्यातही हाच धातू आहे. थोडक्यात, कुणाच्या तरी पकडीतून हिसडून काढणे. गंमत म्हणजे इंग्लंडच्या जुन्या कायद्यात कोठडीतल्या माणसाला जबरदस्तीने सोडवून नेण्यालाच ‘रेस्क्यू’ म्हणत, आणि तो चक्क गुन्हा होता!

म्हणून माझी कसोटी एकच: वाक्याला ‘कशातून?’ किंवा ‘कुठून?’ असं विचारायचं. उत्तर आलं तर रेस्क्यू. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, आठवतं? हजाराच्या आसपास प्रवासी बाहेर काढले. कशातून? पुराने वेढलेल्या गाडीतून. बिनधास्त रेस्क्यू लिहा.

त्याहून बोलकं उदाहरण उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्याचं. नोव्हेंबर 2023 मध्ये 41 मजूर तिथे 17 दिवस अडकले होते. पाइपमधून आत अन्न जात होतं, त्यावर ते तगले. त्या पाइपने त्यांना ‘सेव्ह’ केलं असं म्हणता येईल, पण ‘रेस्क्यू’ झाला तो 28 तारखेला, ते बाहेर आले तेव्हा. आणि डॉक्टर? तो रुग्णाला कुठूनही ओढून काढत नाही, त्याचा जीव राखतो. शिवाय रेस्क्यूचं कर्म म्हणजे अडकलेला माणूस, प्राणी किंवा वस्तू. ‘लाइफ’ हे कर्म त्याला चालत नाही.

आपल्याकडे हा शब्द आता मराठीच झालाय. सह्याद्रीत भटकणारे ‘काल रात्री रेस्क्यू होता’ असं सहज म्हणतात. मला त्याचं काही वावडं नाही, रात्री दोरावर लटकणाऱ्याला ‘बचावकार्य’ म्हणायला कोण लावणार? ‘साप रेस्क्यू केला’ मात्र मला जरा खटकतं. स्वयंपाकघरात शिरलेला साप बहुतेक वेळा मजेत असतो, सुटका घरातल्यांची होते. (विहिरीत पडलेला साप काढला तर शब्द चपखल बसतो.) जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं केंद्र आहे. इंग्रजीत त्याला ‘रेस्क्यू सेंटर’ म्हणतात, मराठीत मात्र ‘बिबट निवारा केंद्र’. ही निवड मला फार आवडते. इंग्रजी नाव बिबट्याला बाहेर काढण्यावर बोट ठेवतं, मराठी नाव नंतर त्याला जागा देण्यावर.

‘सेव्हिअर’बद्दलही विचारलं होतंत. तो ‘सेव्ह’चा भाऊ, रेस्क्यूचा नव्हे. मराठी बायबलमध्ये त्याला ‘तारणारा’ म्हटलंय, म्हणजे पैलतीरी नेणारा. बँकेतलं सोनेतारण त्याच शब्दाचं, पण तिथे तरतं कोण ते हप्ते भरणाऱ्याला विचारा.

मुलीला हे एक वाक्य लिहून द्या, दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतील: ‘द फायरमन रेस्क्यूड हिम फ्रॉम द फायर अँड द डॉक्टर सेव्ह्ड हिज लाइफ.’ आणि हो, ‘कम टु द रेस्क्यू’ म्हणजे आपलं ‘मदतीला धावून येणं’. उच्चारात जोर ‘रेस्’वर द्यायचा, ‘क्यू’वर नाही.